पाऊणपट

आठ महिन्यांत माझ्या बहिणीचा एकही फोन आला नव्हता. आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुझ्या सहीचो कागद इलो हा." आणि तिने फोन ठेवून दिला.

मी तेव्हा ओघघरात बसले होते. दुपारचे तीन वाजले असतील, पण तिथे वेळ कळत नाही. पुण्याच्या पश्चिमेला एका टेकडीच्या पोटात बांधलेलं ते गोल दालन आहे. त्याला खिडक्या नाहीत. जमिनीवर देशाचा नकाशा आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शंभर पावलं. सरकारने कुठेही काही खर्च केला, पूल बांधला, पगार दिला, गोळ्या-औषधं घेतली, की तिथे हळदीच्या रंगाचा एक ठिपका उमटतो. मग तो पसरतो. गावातून तालुक्याला, तालुक्यातून शहराला, बारीक बारीक ओहोळ निघतात. त्यातले काही तिथल्या तिथे फिरत राहतात आणि काही किनाऱ्याकडे निघतात. किनारा ओलांडला की रंग निळा होतो. बाहेरून परत येताना तो तांबूस होतो.

बघायला येणारी माणसं आधी बडबडत असतात, मग हळूहळू गप्प होतात. शाळेची पोरंसुद्धा. मी बारा वर्षं रोज बघत आले होते, तरी मला त्या पिवळ्या-निळ्या उजेडात बसलं की डोळे मिटावेसे वाटायचे. झोप नव्हे ती. लहानपणी होडीत आडवं पडून पाण्याचा आवाज ऐकताना जे व्हायचं, तसं काहीतरी. त्या दिवशी मात्र मी उठून नकाशावर चालत गेले, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याशी वाकले आणि आमचा धाकटा जुवा शोधला. खाडीतल्या बेटाला आमच्याकडे जुवा म्हणतात. तांदळाच्या दाण्याएवढा पिवळा ठिपका होता. त्यातून एक निळी रेघ सरळ समुद्रात गेली होती, चांगली जाड. परत आलेलं काहीच नव्हतं.

माझं नाव चैताली तारी. आमचं आडनावच धंद्याचं आहे. बाबा जुव्यावरून पलीकडच्या धक्क्यावर माणसं नेण्या-आणण्याचं काम करत. दर्शना माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. मी तिला बाय म्हणते. मी अकराव्या वर्षी स्कॉलरशिप मिळवून कोल्हापूरच्या वसतिगृहात गेले आणि पुढे जातच राहिले. ती राहिली. आईबाबा गेले तेव्हाही तीच होती.

*

ओघघराचं शास्त्र सांगायला सोपं आहे. मी ते इतक्या मंत्र्यांना सांगितलंय की आता झोपेतही सांगेन.

सरकार गोळा करतं त्याहून जास्त खर्च करतं, तेव्हा लोकांच्या हातात जास्त पैसा येतो. लोक तो खर्च करतात. त्यातली काही खरेदी बाहेरच्या मालाची असते. लातूरला एक रस्ता होतो असं समजा. खडी तिथली, मजूर तिथले, मुकादम तिथला. पण रोलरचं डिझेल आखातातलं. मजुराने संध्याकाळी भजी घेतली तर तिचं तेल मलेशियाचं. मुकादमाने बायकोला नवा फोन घेतला तर त्यातलं निम्मं तैवानचं. अस्सल देशी रस्ताही असा थेंब थेंब बाहेर झिरपतो. म्हणून सरकारची तूट वाढली की बरेचदा मागोमाग देशाच्या व्यापारातली तूटही वाढते. अर्थशास्त्रात त्यांना जुळी तूट म्हणतात. जुळी असली तरी त्यांचं रोज पटतंच असं नाही. कधी एक रुसून बसते, कधी दुसरी वर्ष-दोन वर्षांनी उगवते. नेमका कुठला खर्च किती झिरपतो, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

नोटा जवळजवळ संपल्या आणि सगळा रुपया डिजिटल झाला, तेव्हा ते सांगता येऊ लागलं. सरकारी तिजोरीतून निघणाऱ्या रुपयाला आम्ही एक खूण लावली. ती माणसाची नव्हे, पैशाची. रुपया दुसऱ्या रुपयांत मिसळला की खूण फिकट होते, हळदीचं पाणी साध्या पाण्यात ओतावं तशी, पण पुसली जात नाही. कुणी काय घेतलं हे यंत्राला कळत नाही. रंग कुठवर गेला, तेवढं कळतं.

यंत्र सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी कायदा आला. प्रत्येक सरकारी योजनेला गळती अंक. शंभर रुपयांतले किती बाहेर जाऊन परत आले नाहीत, तो आकडा. चाळीसच्या वर गेला की योजना बंद. खोटं कशाला बोलू, पहिली वर्षं सोन्याची होती. बाहेरून आणलेल्या चकचकीत वस्तूंवरची उधळपट्टी थांबली, व्यापारातली तूट उतरली, रुपया सावरला. लोकांना तर या अंकाचं वेडच लागलं. लग्नाच्या पत्रिकेवर 'आमची गळती फक्त बारा' असं छापलेलं मी स्वतः पाहिलंय. आमच्या सोसायटीच्या गणपतीत मखराच्या कागदाची गळती किती, यावरून दोन सभासदांनी वर्षभर बोलणं टाकलं होतं.

अंकाच्या कागदावर सही माझी असायची. महिन्याला दोन-अडीचशे. मी त्यातला एकेक वाचत नव्हते.

*

माघ महिन्यात मी जुव्यावर गेले. होडीतून उतरले तेव्हा बाय समोरच होती. गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेलं, हातात कोयती. तिने माझी पिशवी घेतली नाही.

"इलंस," ती म्हणाली.

"इलंय," मी म्हटलं. माझी मालवणी पुण्यात राहून पातळ झाली आहे. दोन वाक्यांनंतर ती संपते आणि मी पुस्तकी बोलू लागते, आणि मग बाय आणखी गप्प होते.

तिने मला सरकारी योजनेतून उभं राहिलेलं कालव-केंद्र दाखवलं, जे बंद करण्याचा कागद माझ्या सहीने आला होता. मी फोटोत पाहिलं होतं, पण प्रत्यक्ष पहिल्यांदाच गेले. लांबट शेड, निळसर टाक्यांच्या रांगा, पाण्याची एकसारखी गुणगुण. खाडीचं पाणी गाळून टाक्यांत घ्यायचं, त्यात मोठी कालवं ठेवायची, आणि ती बी सोडतात तेव्हा ते जपायचं. बी म्हणजे नाचणीच्या दाण्याहून बारीक शिंपले. ते वाढवून बाहेर पाठवायचे. परदेशांत कालवांच्या शेतीला असं निरोगी बी हवं असतं आणि आमच्या खाडीचं पाणी त्याला मानवतं. पूर्वी बायका ओहोटीला खडकावरची कालवं पाडून टोपलीने विकायच्या. खडक रिकामे झाले तसं तेही संपत आलं होतं. केंद्रात आता बावीस बायका होत्या.

पंप डेन्मार्कचे होते. गाळण्या तिथल्याच. बी तपासायचं यंत्र जपानचं. गळती न दिसली तरच नवल.

"कागदावरचा एकसष्ट म्हणजे काय गो?" बायने विचारलं. ती टाकीत हात घालून शिंपले चाळत होती, माझ्याकडे बघत नव्हती.

"म्हणजे सरकारने तुमच्यावर शंभर रुपये खर्च केले, त्यातले एकसष्ट देशाबाहेर गेले."

"गेले ते गेले. येवचे नाय?"

"तीन वर्षं बघितलं. आले नाहीत."

"तीन वर्सां." तिने हात झटकला. "पयल्या वर्सात शेड बांधली. दुसऱ्या वर्सात बी मेला. तिसऱ्या वर्सात धरला. आता खंय कोरियातलो एक व्यापारी नमुनो मागता. आणि तू म्हणतंस, आले नाय."

"मी नाही म्हणत. यंत्र म्हणतं."

"सही यंत्राची हा?"

बाजूला सुमनवयनी म्हणून एक बाई जाळं धुत होती. ती उठून बाहेर गेली. मला वाटलं, बाय आता बोलेल, मागचं सगळं काढेल, आईच्या आजारपणाचं, बाबांच्या शेवटच्या दिवसांचं. ती काही बोलली नाही. तिने मला जेवायला वाढलं. कालवांचं सुकं आणि उकड्या तांदळाचा भात. मी रडत रडत जेवले आणि तिने ते न पाहिल्यासारखं केलं.

ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

*

संध्याकाळची गाडी होती. आमच्या जेटीपुढे आता इतका गाळ साचलाय की पुऱ्या भरतीलाच होडी सुटते. मी पंचांग बघितलं नाही, त्याची गरज नव्हती. चंद्राची कोर पाहून तिथी सांगायला बाबांनी शिकवलं होतं आणि तिथीवरून भरती काढायलाही. तिथीची पाऊणपट करायची. त्या दिवशी षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला पूर्ण भरती.

आमच्या घरात सगळंच पाऊणपट चालायचं. बाबा "अमक्या वेळात येतंय" म्हणाले की आई त्या वेळेची पाऊणपट करून तांदूळ धुवायची. माझ्या शाळेत गणिताचा तास सुरू व्हायच्या आधीपासून मला पाऊणकी पाठ होती. अजूनही कुठलाही अंदाज करायचा झाला की माझा हात आपोआप तिथेच जातो.

सव्वाचारला मी जेटीवर पोचले. पाणी नव्हतं. ओला, चकाकता, मऊ गाळ दूरवर पसरलेला होता आणि त्यात होडी एका कुशीवर कललेली होती. दोन बगळे सावकाश चालत होते. मी घड्याळ पाहिलं, पुन्हा मनात तिथी मोजली. साडेचार झाले. पावणेपाच झाले. काहीच हललं नाही. ऊन तिरपं होऊन गाळावर पसरलं होतं, आणि त्या उजेडात मला क्षणभर ओघघरातच उभी असल्यासारखं वाटलं, की माझ्या पायाशी नकाशा आहे आणि सगळं पाणी निळं होऊन निघून गेलंय.

बाय मागून आली. तिच्या हातात माझी विसरलेली शाल होती.

"इतक्या लवकर कित्याक इलंस?"

"षष्ठी आहे ना. साडेचार."

ती आठ महिन्यांत पहिल्यांदा हसली. "ती पाऊणपट खाडीच्या तोंडाची गो. थंय साडेचारांक भरला पाणी. जुव्यार येवक आणखी एक तास लागता. बाबान सांगूक नाय तुका?"

मी नाही म्हटलं.

"सांगतलो होतो. आधी पाऊणपट शिकवी, मगे वरचो तास. मी बारा वर्सांची झालंय तेव्हा माका सांगितल्यान. तू अकराव्या वर्साक गेलंस." ती जेटीच्या पायरीवर बसली. "अर्धाच शिकून गेलंस. बस खाली. पाणी येतला."

मी बसले नाही.

बारा वर्षांपूर्वीची एक दुपार मला आठवत होती. यंत्राचा पहिला नमुना दुसऱ्या दिवशी दाखवायचा होता. सगळं तयार होतं, एकच जागा रिकामी होती. रुपयाचा माग किती काळ काढायचा? एक रुपया बाहेर जाऊन परत यायला साधारण चार वर्षं लागत असावीत, असा आमचा ढोबळ अंदाज होता, पण मोजलेलं कुणी नव्हतं. चार वर्षं पूर्ण धरायची की कमी? सगळे जेवायला गेले होते. मी त्या जागी ०.७५ लिहिलं. समोर 'तात्पुरतं' अशी टीप टाकली. चाराची पाऊणपट तीन.

नमुना सगळ्यांना आवडला. यंत्र बांधलं गेलं, कायदा झाला. टीप कधीतरी गळून पडली आणि आकडा राहिला. नंतर आलेल्या मुलांना वाटत असे की तो बऱ्याच अभ्यासातून निघालाय. दोन विद्यापीठांत तो शिकवला जातो.

साडेपाचला पाणी आलं. आधी गाळातल्या बारीक चिरांमधून, आवाज न करता. मग होडी हलली आणि सरळ झाली. माझी गाडी चुकली होती.

*

"पाऊणपट," पटवेकर मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "भरती-ओहोटीची."

डॉ. रझिया पटवेकर आमच्या संचालक. दाभोळच्या. निवृत्तीला चार महिने उरलेले. त्यांच्या खोलीत कायम गवती चहाचा वास असतो. कुणावर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही.

"मी तो आकडा शेकडो वेळा पाहिला असेल," त्या म्हणाल्या. "वाटायचं, तू मोजून घातला असशील. तुला वाटलं असेल, मी तपासला असेल. बरं. किती फरक पडतो?"

"अजून बघितलं नाही. तुमच्या परवानगीशिवाय बघायचं नव्हतं."

"चल."

आम्ही दोघीच ओघघरात गेलो. यंत्र रंग कधीच विसरत नाही, तीन वर्षांनंतर ते फक्त दाखवणं थांबवतं. मी ती तीन वर्षांची कात्री काढून टाकली आणि जुनी वर्षं पहिल्यापासून चालू केली.

आधी सगळं ओळखीचं होतं. पिवळे ठिपके, त्यांचे ओहोळ, मग किनाऱ्याकिनाऱ्याने निळं निघालेलं. दुसऱ्या वर्षी मोठ्या शहरांकडे तांबूस रंग परतू लागला. तिसऱ्या वर्षी मुंबई, चेन्नई, सुरत भरून आल्या. नेहमी आम्ही इथे थांबत असू. आता कधी न पाहिलेलं चौथं वर्ष सुरू झालं.

सुरुवातीला मला काही दिसलं नाही. मग मॅडमनी माझा हात धरला. किनाऱ्यावरून केसासारख्या बारीक तांबूस रेघा आत शिरत होत्या. शहरांना वळसा घालून त्या आत चालल्या होत्या, नद्यांच्या वरच्या अंगाला, घाटांच्या पलीकडे, जिथे आम्ही कधी काही येताना पाहिलंच नव्हतं. शेकडो रेघा, सावकाश. इतकं सुंदर मी त्या दालनात काही पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

कारण त्यातल्या कितीतरी रेघा जिथे पोचत होत्या, तिथे काहीच नव्हतं. सिरोंच्याजवळ बांबूच्या सायकली करणारी एक कार्यशाळा होती. परदेशी यंत्रं घेतली म्हणून तिचा अंक छप्पन आला होता आणि ती बंद झाली होती. बंद होऊन सात महिन्यांनी तिच्या सायकलींची पहिली मोठी मागणी पैशांसकट आली होती. तांबूस रेघ त्या जागी येऊन थोडा वेळ थांबली. खातं बंद होतं. रेघ आली तशी परत गेली.

मोजलं तेव्हा कळलं, बंद केलेल्या तीनशे चाळीस योजनांपैकी एकशे नव्वद चौथ्या-पाचव्या वर्षी चाळीसच्या खाली आल्या असत्या. उरलेल्या खरोखर गळक्या होत्या. एका जिल्ह्याच्या गावी गाण्यावर नाचणारं कारंजं आणलं होतं, त्याची निळी रेघ गेली ती गेलीच. मला त्या कारंज्याचा आधार वाटला, म्हणजे माणूस कशाचा आधार घेतो ते बघा.

"पी हळद आणि हो गोरी," मॅडम हळूच म्हणाल्या. "आपण नऊ वर्षं देशाला तेच सांगत होतो." मग त्या माझ्याकडे वळल्या. "चैताली, हे जाहीर केलं तर चौकशी लागणार. चौकशी संपेपर्यंत सगळे अंक गोठवतील. आणि सगळ्यात आधी लोक विचारतील, ही चूक नेमकी आत्ताच कशी सापडली? बहिणीचं केंद्र बंद व्हायच्या दोन महिने आधी?"

"माहीत आहे."

"धाकट्या जुव्याच्या फाईलला तर कुणी हातसुद्धा लावणार नाही. ती एकतीस मार्चला बंद होणारच. दुसरा रस्ता आहे. कायद्यात अपवादाची एक जागा आहे, संचालकांच्या सहीची. मी आजवर वापरलेली नाही. जाता जाता एकदा वापरली तर कुणी विचारणार नाही. तुझ्या बहिणीचं केंद्र वाचेल. चूक पुढच्या वर्षी, नव्या संचालकांच्या काळात, सावकाश सापडेल."

पुढच्या वर्षीपर्यंत आणखी चाळीसेक योजना तिसरं वर्ष पूर्ण करणार होत्या. हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोघींनाही ते माहीत होतं.

मॅडम माझ्यासाठी चांगलं बघत होत्या. हे मी आजही म्हणते.

*

मी बायला फोन केला. सगळं सांगितलं, पाऊणपटीपासून अपवादापर्यंत. पलीकडे पंपांची गुणगुण ऐकू येत होती.

"तू सांग, बाय," मी म्हटलं. "तू हो म्हणालीस तर मॅडम उद्या सही करतील. मी आयुष्यात तुझ्यासाठी काही केलं नाही. हे एक करू दे."

"त्या सायकलवाल्यांक कोणी फोन केल्यान?"

"नाही."

"आणि ते जे चाळीस हत, तेंका?"

"त्यांनाही नाही," मी म्हटलं.

"माका केंद्र होया," ती म्हणाली. "लय होया गो. बावीस बायकांची घरां हत ही. पण तुझ्या हातान आमचा एकट्याचा वाचला, तर मी खंयच्या तोंडान उभी रवू? लोक म्हणतले, तारयाच्या पोरीन आपलीच होडी काढल्यान. बाबान कधी तसा केल्यान?"

बाबांनी तसं कधी केलं नव्हतं. एका वादळात पलीकडच्या धक्क्यावर सात माणसं आणि आमची आजारी आई उभी होती, तेव्हा जो आधी आला होता त्यालाच त्यांनी आधी घेतलं. आई चौथ्या खेपेला आली. ती त्यांच्याशी चार दिवस बोलली नाही.

"तू काय ता लिव," बाय म्हणाली. "आमी बघून घेव."

मी त्याच आठवड्यात लिहिलं. साधं, चार पानांचं. आकडा कुठून आला तेही लिहिलं, बाबांचं आणि खाडीचं नाव घालून. पुढचे महिने कसे गेले ते सांगत बसत नाही. वर्तमानपत्रांनी पाऊणपटीची भरपूर टिंगल केली आणि ती योग्यच होती. कुणीतरी माझं चित्र काढलं, कंदील घेऊन देशाची तिजोरी गाळात शोधतेय असं. मला रजेवर पाठवलं, मग राजीनामा मागितला. कायदा मात्र बदलला. अंक आता एकदाच काढत नाहीत, रेघ परत येईपर्यंत बघतात, आणि आतल्या गावांना जास्त मुदत देतात. त्या चाळीस योजना वाचल्या. सिरोंच्याची कार्यशाळा पुन्हा उघडली असं ऐकलं, माणसं निम्मी होती.

धाकट्या जुव्याची फाईल 'नातेसंबंधामुळे निर्णय चौकशीअंती' अशा शेऱ्याने बाजूला ठेवली गेली. एकतीस मार्चला केंद्राची वीज तोडली. पंप बंद झाले.

*

मी जुव्यावर राहायला आले, त्याला आता दीड वर्ष होईल. पहिल्या दिवशी बायने मला शेडमध्ये नेलं नाही, खाडीत नेलं. ओहोटी होती. बांबूचे खांब रोवून त्यांना दोरीने टोपल्या बांधल्या होत्या आणि टोपल्यांत कालवं होती, टाक्यांतली, बी देणारी. वीज गेली त्या रात्री बायकांनी ती डोक्यावरून वाहून आणली होती. बावीसपैकी अकरा उरल्या होत्या, बाकीच्या मुंबईला, गोव्याला कामाला गेल्या. अकराजणी रोज ओहोटीला उतरून टोपल्यांतला गाळ हाताने धुत होत्या.

"कशासाठी?" मी विचारलं होतं. "केंद्र तर बंद झालं."

"तूच सांगितलंस मा," बाय म्हणाली, "चौथ्या वर्साक येतला म्हणून. इला तेव्हा कोणी होया ना हंय."

मी त्यांच्यात उतरले. पहिले दोन महिने माझे हात शिंपल्यांनी कापून निघत होते. पन्नाशीला येऊन मी माझ्या बहिणीकडून काम शिकले, आणि तिला ते आवडत होतं, हे तिच्या शिव्यांवरून कळत होतं.

आज पंचमी आहे. कोरियाच्या व्यापाऱ्याची मागणी दिवाळीआधी आली होती; टाक्या नसताना त्याला हवं त्याच्या निम्मंच बी आम्ही धरू शकलो, त्याने निम्मं चालेल म्हटलं. ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या बाराच्या बारा पेट्या जेटीवर मांडून ठेवल्या आहेत. पलीकडच्या धक्क्यावर टेम्पो यायचा आहे. उद्या-परवा पुण्याच्या त्या गोल दालनात एक तांबूस रेघ आत येईल, बायकांनी स्वतः उघडलेल्या खात्यापर्यंत, केसाएवढी. बघणाऱ्यांच्या ती लक्षातही येणार नाही.

पंचमीची पाऊणपट पावणेचार. घड्याळात पावणेचार झाले तेव्हा सुमनवयनीची सून उठून पेट्या उचलायला लागली. ती नवीन आहे, घाटावरून आलीय. समोर नुसता गाळ होता, उन्हात चकाकणारा, आणि होडी कुशीवर झोपलेली होती.

"बस गो," मी तिला म्हटलं. "अजून एक तास आसा."

बायने माझ्याकडे बघितलं आणि पेटीवर माझ्यासाठी जागा केली. आम्ही बसून राहिलो.